जाळी काढायची की ठेवायची?

वर्कशॉप आणि मुलींच्या हॉस्टेलच्या मधे आपल्या कॉलेजचं एक पाच गुंठ्यांचं पॉलिहाऊस आहे. फर्स्ट इयरवाल्यांना बहुधा ते माहीतही नसेल. पण त्यातले टोमॅटो आणि काकड्या मात्र मेसच्या कोशिंबिरीत सगळेच खातात. तेव्हा आता जो वाद चाललाय तो फक्त माळीकाकांचा आणि इस्टेट ऑफिसचा आहे असं समजून पान उलटू नका. तुमच्या ताटापर्यंत येणारा विषय आहे.

वाद असा. पुढच्या महिन्यात कमिटी येणार. कमिटी येणार म्हटलं की आपल्याकडे काय काय होतं ते सांगायला नको. कुंड्यांना गेरू लागतो, नोटीस बोर्डाच्या काचा पुसल्या जातात, लॅबमधल्या बंद पडलेल्या मशीन्सवर ‘अंडर मेंटेनन्स’च्या पाट्या येतात. या वेळी यादीत पॉलिहाऊस पण आहे. पॉलिहाऊसच्या कोपऱ्यांत, पाइपांच्या सांध्यांवर आणि रोपवाटिकेच्या रॅकखाली कोळ्यांची भरपूर जाळी आहेत. ऑफिसचं म्हणणं, ती सगळी झाडून टाका आणि एकदा कडक फवारणी करून घ्या. माळीकाकांचं म्हणणं, ‘राहू द्या की, ते आपलंच काम करतायत.’ हॉस्टेलमध्ये पण दोन तट पडलेत. अर्ध्या मुली ‘ईई, स्पायडर!’ म्हणून ऑफिसच्या बाजूने, अर्ध्या ‘बिचारे’ म्हणून काकांच्या बाजूने.

माझं मत काकांच्या बाजूने आहे, पण ‘बिचारे’ म्हणून नाही. ते का, तेच इथे मांडायचंय.

आधी नावाचा घोळ निस्तरू. मी शिकले कॉन्व्हेंटमध्ये, त्यामुळे ‘स्पायडर’ वेगळा आणि ‘माइट’ वेगळा हे शब्दांमुळेच डोक्यात पक्कं होतं. मराठीत मात्र दोघंही कोळीच! शेतकरी आणि औषध दुकानदार ज्याला ‘लाल कोळी’ म्हणतात तो माइट. टाचणीच्या डोक्याहून लहान, पानाच्या मागे बसून रस शोषणारा. पानावर आधी बारीक पांढुरके ठिपके पडतात, मग पान पिवळं पडून वाळतं. पॉलिहाऊसचा हा एक नंबरचा शत्रू. तो पण बारीक रेशीम सोडतो, म्हणून पीक जास्तच बिघडलं की शेंड्यांवर धुरकट जाळी दिसते. आता जाळी म्हटली की कोळी, आणि कोळी म्हटला की फवारा, एवढं सरळ गणित होतं आणि त्यात खरा कोळी फुकट मरतो. शिवाय या लाल कोळ्याला खाणारा आणखी एक माइट असतो, त्याला म्हणतात ‘परभक्षी कोळी’. म्हणजे एक कोळी शत्रू, एक कोळी मित्र आणि आठ पायांचा, जाळी विणणारा कोळी तिसराच. मुंबईचे कोळी सोडूनच द्या. (जाळं टाकणं हा दोघांचा कॉमन धंदा आहे खरा!) तेव्हा पुढे मी कोळी म्हणेन तो फक्त स्पायडर. दुसऱ्याला कायम ‘लाल कोळी’ असं पूर्ण नावाने हाक मारेन.

आता हे कोळी पॉलिहाऊसमध्ये करतात काय? कोळी कीटक नाही, पण कीटक हेच त्याचं जेवण. 2017 साली नायफेलर आणि बिर्कहोफर या दोन शास्त्रज्ञांनी हिशेब मांडला की जगातले सगळे कोळी मिळून वर्षाला 40 ते 80 कोटी टन किडे वगैरे फस्त करतात. जगभर घरांत आणि काचघरांत राहणाऱ्या एका कोळ्याचं तर शास्त्रीय नावच ‘टेपिडॅरिओरम’ आहे, म्हणजे ‘उबदार घरांमधला’. कोख नावाच्या जर्मन शास्त्रज्ञाने ते 1841 मध्ये ठेवलं. थोडक्यात, पॉलिहाऊसमध्ये कोळी म्हणजे ‘स्वच्छता नाही’ असं समजायचं कारण नाही. काचघरं बांधली तेव्हापासून तो तिथला भाडेकरू आहे. पिल्लं तर रेशमाचा एक धागा सोडून वाऱ्यावर तरंगत येतात. दार उघडलं, वरची खिडकी उघडली, आली आत. आज झाडून काढलेत तरी महिन्याभराने परत हजर.

आणि सगळे कोळी जाळी विणत बसत नाहीत. काही पानांवर फिरून शिकार करतात. ते छोटे, मोठ्या डोळ्यांचे, टुणकन उडी मारणारे दिवसा नजरेने सावज हेरतात. लांडगा कोळी जमिनीवर पळून पकडतो. खेकडा कोळी फुलात दबा धरून बसतो. जाळीवाले हवेतला माल पकडतात, म्हणजे पांढरी माशी, पंखवाला मावा, ओल्या कोकोपीटवर घोंघावणाऱ्या त्या बारीक काळ्या माश्या, अंडी घालणारे पतंग. म्हणजे एकाच पॉलिहाऊसमध्ये तीन मजली पहारा: जमिनीवर, पानांवर आणि हवेत. आणि पगार शून्य.

हे सगळं ऐकायला छान, पण पुरावा काय, असं इंजिनिअरने विचारायलाच हवं. पुरावा आहे. अमेरिकेत टेनेसी विद्यापीठाच्या सुझन रीशर्ट आणि त्यांच्या सहकारी लेस्ली बिशप यांनी भाजीच्या वाफ्यांवर प्रयोग केला, तो 1990 मध्ये छापून आला. काही वाफ्यांत गवताचं आच्छादन घातलं, तिथे कोळी वाढले आणि झाडांचं नुकसान घटलं. मग हे आच्छादनामुळे झालं की कोळ्यांमुळे? म्हणून त्यांनी आच्छादन तसंच ठेवून काही वाफ्यांतले कोळी काढून टाकले. तिथे किडीचं नुकसान पुन्हा वाढलं. याला म्हणतात कंट्रोल एक्सपेरिमेंट! एका वेळी एकच व्हेरिएबल बदलायचा, हे आपण लॅब जर्नलमध्ये लिहितो आणि करत मात्र नाही.

दुसरा पुरावा भातशेतीचा, आणि तो फार मोठा आहे. भातावरच्या तपकिरी तुडतुड्यांना खाणाऱ्यांत लांडगा कोळी अगदी वरच्या नंबरात येतो. इंडोनेशियात भातावर सरकारी सबसिडीने भरपूर कीटकनाशक मारलं जात होतं. त्यात कोळी आणि बाकीचे भक्षक मेले, तुडतुड्यांची अंडी मात्र भाताच्या काडीत सुरक्षित राहिली. परिणाम काय, जितकी फवारणी जास्त तितके तुडतुडे जास्त. शेवटी 1986 मध्ये सरकारने भातासाठी 57 कीटकनाशकांवर एका फटक्यात बंदी घातली. एखाद्या देशाने किडीचा बंदोबस्त करण्यासाठी औषधं कमी केली, हे वाचून मला पहिल्यांदा प्रिंटिंग मिस्टेक वाटली होती. पण कारणमीमांसा बघितली की पटतं.

आता दुसरी बाजू. ती लपवून उपयोग नाही, कारण डिबेटमध्ये समोरचा नेमकी तीच काढतो.

पहिला आक्षेप: कोळी निवडून खात नाही. मित्र-शत्रू असा भेद त्याच्याकडे नाही. जाळ्यात परोपजीवी गांधीलमाशी आली तरी गट्टम, मधमाशी आली तरी गट्टम, आणि दुसरा कोळी आला तर तो पण गट्टम. हे शंभर टक्के खरं आहे.

दुसरा आक्षेप: तो हळू वाढतो. साधारण 30 अंश तापमानात लाल कोळ्याची पिढी अंड्यापासून आठवड्याभरात तयार होते आणि एकेक मादी शंभरेक अंडी घालते. कोळ्याला मोठं व्हायला महिने लागतात. शिवाय लाल कोळी इतका बारीक की बऱ्याच कोळ्यांना तो दिसत तरी नाही किंवा परवडत नाही. म्हणजे पॉलिहाऊसच्या एक नंबरच्या शत्रूसमोर आपला हिरो जवळजवळ निकामी! फुलाच्या आत लपलेल्या फुलकिड्यांचंही साधारण तेच.

या दुसऱ्या आक्षेपाला माझं उत्तर आपल्याच भाषेत देते. वीजपुरवठ्यात बेस लोड आणि पीक लोड असे दोन भाग असतात. चंद्रपूरचं औष्णिक केंद्र रात्रंदिवस चालतं, पण संध्याकाळी सात वाजता सगळ्या महाराष्ट्राने दिवे लावले की ते पटकन वर येऊ शकत नाही. तेव्हा कोयना लागते. म्हणून चंद्रपूर बंद करा असं कोणी म्हणतं का? कोळी हे बेस लोड आहेत. कीड थोडी असताना, रोज, न सांगता, ते तिला दाबून ठेवतात. कीड अचानक उसळली की त्यांच्याच्याने होणार नाही. त्यांचं पोट भरलं की शिकार थांबते, कंट्रोल सिस्टिमच्या भाषेत सॅच्युरेशन. तेव्हा दुसरं काही तरी लागणारच. पण ती उसळी किती वेळा येते, हे बेस लोड कसा आहे यावर अवलंबून असतं.

युरोपातल्या काचघरवाल्यांनी पीक लोडसाठी वेगळी माणसं नेमली, आय मीन वेगळे किडे. इंग्लंडमध्ये 1926 मध्ये एका टोमॅटोवाल्याच्या काचघरात पांढऱ्या माशीच्या काळ्या पडलेल्या पिल्लांमधून एन्कार्सिया नावाची इवलीशी गांधीलमाशी निघाली आणि पुढे ती मुद्दाम वाढवून वाटण्यात आली. हॉलंडमध्ये यान कॉपर्ट नावाच्या काकडी पिकवणाऱ्याने 1967 मध्ये लाल कोळ्यावर परभक्षी कोळी सोडायला सुरुवात केली आणि त्यातून मोठी कंपनी उभी राहिली. हे किडे एकाच सावजाच्या मागे लागतात आणि त्याच्याच वेगाने वाढतात. कोळ्यात हा गुण नाही, म्हणून कोळी बाटलीत भरून विकले जात नाहीत. एकाच बाटलीत भरले तर शेवटी एकच उरेल!

आता पहिला आक्षेप, म्हणजे मधमाश्यांचा. इथे आपल्या पॉलिहाऊसमध्ये काय लावलंय ते बघायला हवं. आपली काकडी परागीभवनाशिवाय फळ धरणाऱ्या जातीची आहे. टोमॅटोचं फूल स्वतःच्याच परागांनी फळतं, फक्त ते हलायला लागतं. म्हणून तर काका सकाळी सकाळी काठीने तारांना टिचक्या देत फिरतात. म्हणजे आपल्याकडे आत मधमाशी लागतच नाही, आणि 40 मेशच्या जाळीतून ती येतही नाही. जी येतच नाही ती कोळ्याने खाल्ली अशी तक्रार कशी करणार? उद्या आपण विकतचे मित्रकीटक सोडायचं ठरवलं तर मात्र हा हिशेब परत मांडावा लागेल, आणि मी तो मांडायला तयार आहे.

तिसरा आक्षेप: चावतात. आपल्याकडच्या बहुतेक कोळ्यांचे दात माणसाच्या कातडीत शिरतही नाहीत आणि ते स्वतःहून अंगावर येत नाहीत. तरीही रॅकखाली हात घालणाऱ्या मावशींना भीती वाटते, ती खोटी नाही. त्यांना हातमोजे द्या. साधे रबरी हातमोजे. एका फवारणीपेक्षा स्वस्त पडतील.

चौथा आक्षेप माझ्या स्वतःच्या ग्रुपचा आहे. ठिबकच्या ऑटोमेशनच्या प्रोजेक्टसाठी आम्ही चौघींनी आत ह्युमिडिटी सेन्सर लावलाय. त्याच्या टोपणावर दर आठ दिवसांनी एक महाशय जाळं विणतात. आम्ही ते ब्रशने काढतो. महाशय परत विणतात. रॉबर्ट ब्रूसची गोष्ट आम्हाला मॉरल सायन्समध्ये होती, तेव्हा कोळ्याच्या चिकाटीचं कौतुक वाटलं होतं. प्रोजेक्टमध्ये वाटत नाही. पण सेन्सरचं टोपण पुसणं आणि अख्खं पॉलिहाऊस ‘साफ’ करणं यात फरक आहे.

आता मुख्य मुद्दा, म्हणजे ‘एकदा कडक फवारणी करून घेऊ’ या वाक्यातला ‘एकदा’. तो एकदा कधीच नसतो. पायरेथ्रॉइड गटातली जहाल औषधं कोळी मारतात, परभक्षी कोळी मारतात, आणि लाल कोळी मात्र त्यातून तरतो आणि नंतर मोकळं रान मिळून आणखी फोफावतो. लाल कोळ्याची ही दोन ठिपक्यांची जात तर औषधांना दाद न देण्यात जगात कुप्रसिद्ध आहे. नव्वदहून अधिक रसायनांना तिने कुठे ना कुठे प्रतिकार दाखवलाय. म्हणजे पहिली फवारणी ही दुसरीची गरज निर्माण करते. आपण पहारेकरी काढून टाकतो आणि चोराला व्हिटॅमिन देतो.

त्याहून महत्त्वाचं म्हणजे माणसं. 2017 साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने 20हून जास्त शेतकरी-शेतमजूर गेले, शेकडो आजारी पडले. ते उघडं कपाशीचं रान होतं, आपलं पाच गुंठ्यांचं बंद प्लॅस्टिक आहे, दोन्हींची सरसकट तुलना मी करत नाही. पण एप्रिलच्या दुपारी पॉलिहाऊसमध्ये पाच मिनिटं उभं राहून बघा. त्या उकाड्यात मास्क, गॉगल आणि पूर्ण बाह्यांचा कोट घालून पाठीवर पंप घेऊन कोण फिरेल? नियम म्हणतो, घाला. माणूस काढून ठेवतो. आणि वारा नसल्यामुळे फवाऱ्याचं धुकं आतच राहतं. हे काम काका करणार, कमिटी नाही.

आणि मग आपण. प्रत्येक औषधाच्या लेबलवर लिहिलेलं असतं की फवारल्यावर इतके दिवस माल तोडू नका. कुठे तीन दिवस, कुठे सात, कुठे जास्त. काकडी एक दिवसाआड तोडावी लागते, नाहीतर ती पिवळी भोपळ्यासारखी होते. आता सांगा, प्रतीक्षेच्या दिवसांत तोडलेला माल आपण फेकणार आहोत का? की तो गुपचूप मेसमध्ये जाणार? कोणावर आरोप करत नाही, पण ‘फेकून दिला’ अशी नोंद ठेवायला आपल्याकडे साधं रजिस्टरही नाही.

एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. माझं म्हणणं सगळ्या पॉलिहाऊसना लागू नाही. मावळात तळेगावच्या बाजूला जे गुलाब उत्पादक व्हॅलेंटाइन डेसाठी परदेशी माल पाठवतात, त्यांच्या खोक्यात एक जिवंत कोळी निघाला तरी पंचाईत. फुलावर जाळ्याचा धागा दिसला तरी दर पडतो. त्यांच्यावर लाखोंचं कर्ज असतं. त्यांना ‘कोळी पाळा’ म्हणून हॉस्टेलमध्ये बसून सल्ला देणं सोपं आहे, तो मी देणार नाही. पण आपल्याला काय निर्यात करायचंय? आपला माल शंभर पावलांवरच्या मेसमध्ये जातो आणि धुऊन चिरला जातो. आपल्याला जाळ्याने काडीचाही तोटा नाही. जिथे परवडतं तिथे तरी करून बघायला नको का?

नुसता विरोध करून थांबायचं नाही, म्हणून प्रस्ताव देते. मधल्या वाटेवर, डोक्याच्या उंचीला आणि दाराजवळ जी जाळी येतात ती दर सोमवारी झाडूने काढावीत. तोंडावर जाळं बसलेलं कोणालाच आवडत नाही. कोपरे, छताचे पाइप आणि रॅकखालची जाळी तशीच ठेवावीत. वाफ्यांमधे गवताचं आच्छादन घालावं, लॉन कापलेलं गवत आपण नाहीतरी जाळतोच. पिवळे आणि निळे चिकट सापळे लावून दर आठवड्याला मोजणी लिहावी. लाल कोळ्यासाठी भिंग घेऊन पानांच्या मागे बघावं आणि जिथे दिसेल तेवढ्याच झाडांवर निंबोळी अर्क किंवा पाण्याचा जोराचा फवारा मारावा, खराब पानं तोडून बाहेर न्यावीत. त्यानेही नाहीच आटोक्यात आलं तर आणि तरच औषध. ते पण फक्त लाल कोळ्यावर चालणारं, लेबल वाचून आणि तोडणी थांबवून.

आणि पटत नसेल तर प्रयोग करू. पॉलिहाऊसचे दोन भाग करायचे. एका भागातली जाळी रोज काढायची, दुसऱ्यातली ठेवायची. बाकी पाणी, खत, सगळं सारखं. दोन्हीकडची दहा-दहा झाडं ठरवून आठ आठवडे किडी मोजायच्या. मधे पडदा नसल्यामुळे किडे इकडून तिकडे जातील हे मला माहीत आहे, व्हायवाला कोणी हा प्रश्न विचारणार असेल तर उत्तर तयार आहे: मधल्या दोन ओळी मोजणीत धरायच्या नाहीत. आठ आठवड्यांनी आकडे कोळ्यांच्या विरोधात गेले तर झाडू मी स्वतः हातात घेईन.

कमिटीचं म्हणाल तर, जाळी बघून कमिटी नाक मुरडेल अशी भीती आहे ना? मग दारावर मोजणीचा तक्ता लावा. जाळं दिसणं हा निष्काळजीपणा आहे की निर्णय आहे, हे त्या तक्त्यावरून कळेल. गेरू लावलेल्या कुंडीपेक्षा मला तो तक्ता दाखवायला जास्त आवडेल.

मोजणीसाठी चार जणी आहोत, अजून चार जण हवेत. ज्यांना ‘ईई’ वाटतं त्यांनी तर जरूर यावं, त्यांची नजर जास्त तीक्ष्ण असते. बघा, पटतंय का.

— तृतीय वर्ष, इन्स्ट्रुमेंटेशन